काजळीच्या गवताचा नमुना

४ सप्टेंबर

प्रिय चिंगे,

फोनवर तू नुसती "हो ताई, हो ताई" करतेस आणि मागे नळ सोडलेला ऐकू येतो. म्हणून लिहायला बसले. कागद तरी तू हातात धरून वाचशील.

गोष्ट काजळीची आहे. आता एकोणीस वर्षांची झाली ती. आमच्याकडे घोड्यावर बसायला शिकायला येणारं प्रत्येक मूल पहिल्यांदा तिच्याच पाठीवर बसतं, हे तुला माहीतच आहे. गेल्या वर्षापासून तिची मान जाड होत चालली होती. मला वाटलं, बाईसाहेब खाऊनपिऊन सुखी आहेत; तबेल्यातल्या आणखी दोन घोड्याही अशाच जाड्या आहेत. पण डॉक्टरबाईंनी रक्त तपासलं आणि म्हणाल्या, हिच्या अंगाला साखर सोसत नाही. गवतात दहा टक्क्यांच्या वर साखर गेली, तर खुराच्या आत सूज येईल. ती एकदा आली की घोडी उभी राहू शकत नाही.

मी विचारलं, "गवत बघून साखर कळते का?"

"मला नाही कळत," त्या म्हणाल्या, "आणि कळते म्हणणाऱ्यावर तुम्ही विश्वास ठेवू नका. लॅबमध्ये पाठवा."

आता गवतवाल्याने या हंगामाचे गठ्ठे आणून टाकलेत. हिरवे, मऊ, वास असा की मलाच खावंसं वाटावं. त्याला विचारलं, तर म्हणतो, "बाई, गवतच आहे ते, जिलबी नाही." माझ्यासमोर तीन लॅबचे कागद आहेत. पहिली जवळची, चार दिवसांत अहवाल देते, पण तिच्या अर्जात सगळं गाई किती दूध देतात याबद्दलच विचारलंय. दुसरी फार लांब, तीन आठवडे घेते, आणि गवत किती वाजता कापलं इथपर्यंत चौकशी करते. तिसरी तू नोकरी करतेस ती. कुठे पाठवू? तू बहीण आहेस हे विसरून सांग.

तुझी ताई

११ सप्टेंबर

प्रिय ताई,

नळ बंद करून लिहितेय.

पहिली लॅब काढून टाक. ते नमुन्यावर प्रकाश टाकून आकडा सांगणारं यंत्र वापरतात. यंत्र वाईट नसतं, आमच्याकडेही आहे. पण त्याला जे गवत ओळखायला शिकवलंय तेवढंच ते ओळखतं. गाईचा चारा शिकलेल्या यंत्रापुढे तुझं कुरणातलं गवत ठेवलं, तर ते परीक्षेत कॉपी करणाऱ्या मुलासारखं आत्मविश्वासाने काहीतरी ठोकून देणार. तुला पाण्यात विरघळवून, मोजून काढलेली साखर हवी. स्टार्च वेगळा हवा. आणि लॅबला फोन करून विचारायचं, "तुमच्याकडे घोडा जवळून बघितलेलं कुणी आहे का?" पलीकडे शांतता पसरली की फोन ठेवून द्यायचा.

खरं सांगू? घोड्यांसाठी दुसरी लॅब आमच्यापेक्षा चांगली आहे. मी तिथे नोकरीसाठी अर्ज केला होता. घेतलं नाही त्यांनी. पण तिथे काजळी म्हणजे पिशवीवरचा एक नंबर. माझ्याकडे ती काजळी असेल. मी स्वतः करीन, यंत्रावर नाही, हाताने. दोन आठवड्यांत.

नमुना कसा घ्यायचा ते नीट वाच. वरवरचं मूठभर उपटून पाठवायचं नाही. ड्रिलला पोकळ नळी लावून निदान वीस गठ्ठ्यांच्या पोटातून काढायचं, बादलीत कालवायचं, मग पिशवी भरायची. कुरणातलं ताजं गवतही पाठव. ते दुपारी काप, कारण दिवसभर उन्हात त्यात साखर चढते, म्हणजे जास्तीत जास्त किती ते कळेल. कापलं की लगेच बर्फात. तसंच पाठव.

आमच्याकडे सध्या धावपळ आहे. लॅबची मान्यता नव्याने द्यायला अधिकारी येणार आहेत, आणि साहेबांच्या मनात मला नमुना विभागाची प्रमुख करायचं आहे. अजून कुणाला बोलू नकोस.

तुझी चिंगी

२० सप्टेंबर

प्रिय चिंगे,

प्रमुखबाई! मी कुणाला नाही सांगितलं. फक्त काजळीला.

नमुने आज पाठवले. नळी काही मिळेना. शेवटी नालबंदकाकांनी जुन्या सायकलच्या दांड्याचा तुकडा कापून, कानशीने घासून धार काढून दिली. बावीस वर्षं आमच्या घोड्यांचे खूर तेच बघतात. तू फ्रॉकमध्ये असताना त्यांच्या ऐरणीवर बसायचीस आणि ते तुला उचलून बाजूला ठेवायचे, ते आठवतं ना? आता पाठ वाकली आहे, पण हात तसाच आहे. वीस म्हणालीस, आम्ही सव्वीस गठ्ठे टोचले. काका म्हणत होते, "बाई, धाकट्या बाईंनी सांगितलंय ना, मग कसूर नको."

डॉक्टरबाईंचं मत दुसऱ्या लॅबला होतं. मी म्हटलं, मला लॅब निवडायचीच नाही, मला माणूस निवडायचं आहे. 

अहवाल येईपर्यंत जुनं उरलेलं गवत पुरवून पुरवून घालते आहे. ते पंधरा दिवस जाईल.

तुझी ताई

५ ऑक्टोबर

प्रिय ताई,

उशीर झाला, रागावू नकोस. मध्ये चार दिवस सुट्टी लागून आली आणि सासरी जावं लागलं. आल्यावर कामाचा डोंगर.

अहवाल सोबत जोडला आहे. थोडक्यात सांगते. कुरणातलं गवत एकोणीस टक्के. काजळीला आणि तिच्यासारख्या त्या दोन जाड्या घोड्यांना कुरण बंद, दुपारी तर अजिबात नाही. गठ्ठ्यांचं वाळलेलं गवत आठ पूर्णांक चार. म्हणजे निर्धास्त घाल.

आता तरी झोप नीट.

तुझी चिंगी

२ नोव्हेंबर

चिंगे,

तुझा अहवाल आला तेव्हा जीव भांड्यात पडला होता. त्याच दिवसापासून नवं गवत सुरू केलं. कुरणाचं फाटक साखळीने बांधलं. काजळी फाटकाशी उभी राहून माझ्याकडे अशी बघायची की मान वळवावी लागे.

पण गेल्या आठवड्यापासून तिचं काहीतरी बिनसलंय. परवा सकाळी तबेल्यात गेले तर पुढचे पाय लांब ताणून, सगळं वजन मागच्या पायांवर टाकून उभी होती. गरम तव्यावर उभं केल्यासारखी. खुरांना हात लावला तर कढत. खुराच्या वर बोट ठेवलं की नाडी ठणठण उडते.

डॉक्टरबाईंनी येता येताच विचारलं, "गवत काय घालताय?" मी अहवाल पुढे केला. त्यांनी दोनदा वाचला. "आकडा चांगला आहे," म्हणाल्या. "मग हे कुठून आलं?" 

चिंगे, स्पष्ट विचारते. गवत बंद करू का? दुसरं आणायचं म्हटलं तर या दिवसांत मिळणं कठीण आहे, पण तू सांगितलंस तर कुठूनही आणीन. तू म्हणशील तसं करते. लगेच लिही.

ताई

८ नोव्हेंबर

प्रिय ताई,

वाचून वाईट वाटलं. गवत बदलायची गरज नाही. अहवालात आहे तो आकडा आहे. बदललंस तर नव्या गवतात काय असेल कुणास ठाऊक, उलट त्रास वाढायचा.

मला वाटतं तू खुरांकडे बघ. नालबंदकाकांचं वय झालंय. तूच लिहिलंस, पाठ वाकली आहे. खूर जास्त खोल कापले गेले, नाल तिरका बसला, तरी खूर गरम होतात. शेवटचे नाल त्यांनी कधी बसवले? मला त्यांच्याबद्दल असं लिहिताना बरं वाटत नाही, पण कुणीतरी बोलायला हवं.

घाईत आहे. अधिकारी आलेत.

चिंगी

१९ नोव्हेंबर

चिंगे,

तू म्हणालीस ते मला आधीच का सुचलं नाही, असं वाटलं. काकांनी नाल बसवले होते ऑक्टोबरच्या मध्यात. म्हणजे त्रास सुरू झाला त्याच्या जेमतेम दहा दिवस आधी.

गुरुवारी ते आले तेव्हा मुलांचा वर्ग सुरू होता, पालक कठड्याशी उभे होते. मला धीर धरवला नाही. सगळ्यांसमोर म्हटलं, "काका, काजळीचे खूर तुम्ही बिघडवलेत."

त्यांनी तिचा पाय उचलून मांडीवर घेतला, बराच वेळ बघितला, अंगठ्याने दाबला. म्हणाले, "बाई, हे माझ्या कानशीचं नाही. हे पोटातून आलंय. गवत बघा."

मी म्हटलं, "गवत माझ्या बहिणीने तपासलंय. ती शिकलेली आहे."

त्यांनी सामान पिशवीत भरलं, ऐरण तिथेच राहिली, ती उचलायलाही थांबले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा पुतण्या टेम्पोने येऊन ती घेऊन गेला.

पण चिंगे, आज पाच दिवस झाले डॉक्टरबाईंनी नाल काढून. फरक नाही. आणि काल त्या दोन जाड्या घोड्यांपैकी एक तशीच उभी राहिलेली दिसली. तिला नालच नसतात.

डॉक्टरबाईंनी मला न विचारता गठ्ठ्यांतून नमुना काढला आणि त्या लांबच्या लॅबला पाठवला. मी म्हटलं, "माझ्या बहिणीने केलंय." त्या म्हणाल्या, "माहीत आहे. म्हणूनच दुसरीकडे पाठवते."

मला त्यांचा फार राग आला.

ताई

२४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

डॉक्टरबाईंनी असं परस्पर करायला नको होतं. दोन लॅबचे आकडे कधीच तंतोतंत जुळत नाहीत. पद्धत वेगळी, नमुना वेगळा. उगाच गोंधळ होईल.

तोपर्यंत एक कर. गवत घालण्याआधी तासभर पाण्यात भिजव आणि ते पाणी फेकून दे. साखर थोडी उतरते. गवतात काही आहे म्हणून नव्हे, आपली खबरदारी.

आजच सुरू कर. तिन्ही घोड्यांना. ताई, आजच.

चिंगी

१२ डिसेंबर

चिंगे,

काजळी गेली. मंगळवारी सकाळी, साडेदहाला.

खुराच्या आतलं हाड खाली सरकलं होतं. डॉक्टरबाईंनी फोटो काढून दाखवला. म्हणाल्या, हे आता परत वर जात नाही, हिला उभं ठेवणं म्हणजे आपण आपल्यासाठी ठेवणं. मी तिचं डोकं धरून बसले. इंजेक्शन दिल्यावर तिने एक लांब श्वास सोडला आणि तिचं सगळं ओझं माझ्या मांडीवर आलं. इतकी जड होती ती, मला कधी कळलंच नव्हतं.

त्याच दुपारी दुसऱ्या लॅबचा अहवाल आला. तेच गठ्ठे. वीस पूर्णांक सहा.

मी त्या लॅबला फोन केला. तिथल्या बाईंना म्हटलं, दोन लॅबमध्ये फरक पडतोच ना? त्या म्हणाल्या, "एकदोन टक्क्यांचा पडतो. आठ आणि वीसचा नाही पडत. हे दोन वेगवेगळ्या शेतांमधलं गवत आहे."

तुझं २४ तारखेचं पत्र मी परत काढून वाचलं. "आजच" हा शब्द दोनदा आहे. खबरदारी म्हणून कुणी असं लिहीत नाही.

माझ्या गवताचं काय केलंस?

ताई

१८ डिसेंबर

ताई,

हे पत्र मी चार वेळा लिहून फाडलंय.

तुझा नमुना आला त्या शुक्रवारी मी कुरणाचं काम पूर्ण केलं. तो आकडा खरा आहे. वाळलेल्या गवताला भट्टीत साठ अंशांवर ठेवायचं असतं. संध्याकाळी गाडी पकडायची होती, सासूबाईंचे दोन फोन येऊन गेले होते. मी बटण फिरवलं आणि निघाले. चार दिवसांनी आले तेव्हा भट्टी दीडशेवर होती. ट्रेमध्ये तपकिरी चुरा होता, तंबाखूसारखा. नियमाप्रमाणे अर्धा नमुना बाजूला ठेवायचा असतो. मी ठेवला नव्हता.

चुकांच्या नोंदवहीत माझ्या नावावर या वर्षी आधीच दोन चुका होत्या. तिसरी लागली असती, तर अधिकाऱ्यांनी तीच वही उघडली असती. तुला फोन करून "ताई, पुन्हा पाठव" एवढंच म्हणायचं होतं. पण पाकीट आलं की ते वहीत चढतं, आणि पहिलं कुठे गेलं ते विचारतात. तुझ्याच गवतवाल्याचं आणखी एका गिऱ्हाइकाचं गवत आमच्याकडे आलं होतं, त्याच महिन्यात कापलेलं. मला वाटलं, एकाच माणसाचं गवत, किती फरक असणार? त्याचा आकडा मी तुझ्या अहवालावर लिहिला.

तू "गवत बंद करू का" विचारलंस तेव्हा सांगणारच होते. खरंच. पेन हातात होतं. त्या दिवशी अधिकारी माझ्या टेबलाशी उभे होते. मला वाटलं दोन दिवसांनी सांगू. आणि काकांचं नाव मी का लिहिलं ते मला अजूनही कळत नाही. काहीतरी लिहायला हवं होतं.

मी एक तारखेपासून प्रमुख झाले आहे. साहेबांना यातलं काही माहीत नाही. ताई, त्यांना कळवू नकोस. नोकरी जाईल, आणि नुसती नोकरी नाही, या कामातून कायमची जाईन. तू सांगशील ते करीन. तिथे येऊन राहीन, तबेला झाडीन. काजळी तर आता परत येणार नाही.

तुझी चिंगी

९ जानेवारी

चिंगे,

उत्तराला तीन आठवडे लागले. राग शांत व्हायची वाट बघत होते. तो होत नाही असं दिसल्यावर लिहायला बसले.

भट्टीत गवत करपलं, हे मी समजू शकते. माझ्या हातूनही तबेल्याचं दार उघडं राहिलंय आणि शिंगरू रस्त्यावर गेलंय. दुसऱ्याचा आकडा लिहिलास, तेही घाबरून केलंस असं मी स्वतःला सांगितलं असतं. पण दोन नोव्हेंबरला मी तुला एकच प्रश्न विचारला होता. घोडी तेव्हा वाचली असती. डॉक्टरबाई म्हणतात, त्या आठवड्यात गवत बंद केलं असतं तर बहुतेक वाचली असती. मी तुला "तू म्हणशील तसं करते" असं लिहिलं, आणि तू बसून, विचार करून, पानभर लिहून मला ते गवत घालत राहायला सांगितलंस. शिवाय एका म्हाताऱ्या माणसाचं नाव पुढे केलंस. दोन महिने मी रोज सकाळी माझ्या हाताने तिला ते घातलं, चिंगे. वर तिला म्हणायचे, "खा ग, मावशीने तपासलंय."

तुझ्या साहेबांना मी पत्र लिहिलं आहे. दोन्ही अहवाल आणि तुझं १८ तारखेचं पत्र, तिन्हीच्या प्रती जोडल्या. ते पत्र आणि हे पत्र एकाच दिवशी पेटीत टाकते आहे, म्हणजे तुला दुसऱ्या कुणाकडून कळणार नाही. तू नको म्हणाली होतीस. पण आता त्या विभागातून निघणारा प्रत्येक आकडा तुझ्या सहीने जाणार, आणि तो वाचून कुणीतरी आपल्या जनावरासमोर गवत टाकणार. मी गप्प बसले, तर पुढच्या काजळीला मीही जबाबदार.

नालबंदकाकांना शोधायला दोन दिवस गेले. बसने अडीच तासांवरच्या एका तबेल्यात काम करतात आता. चारपाच माणसं होती तिथे. मी सगळ्यांसमोर बोलले होते, म्हणून तिथेही सगळ्यांसमोरच बोलले. म्हटलं, "काका, गवतच होतं. तुम्ही सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. चूक माझी." ते एका घोड्याचा पाय धरून होते. पाय खाली ठेवला. "काजळी?" म्हणाले. मी मान हलवली. मग त्यांनी बाहीने डोळे पुसले आणि पुन्हा पाय उचलला.

सोमवारी आले. आपणहून. तेराच्या तेरा घोड्यांचे खूर बघितले, आजारी पडलेल्या त्या जाडीचे तर दोनदा. ती वाचेल, म्हणाले. मी चहा करून दारात उभी राहिले. इतकी वर्षं आमच्या स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून चहा पिणारा माणूस फाटकापाशीच थांबला. म्हणाले, "नको, बाई. पुढच्या महिन्यात येईन. घोड्यांसाठी येईन." आणि गेले. मी ट्रे घेऊन तशीच उभी होते.

त्यांच्यावर मला रागावता येईना. त्यांना जेवढं देता येत होतं तेवढं त्यांनी दिलं, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

मलाही तेवढंच जमेल, चिंगे. तू इथे येऊ नकोस. तबेला झाडायला माणसं आहेत. पत्र मात्र लिही. नोकरीचं काय झालं ते लिही, घरी काय म्हणाले ते लिही. तू लिहिशील त्यातलं काही मी लगेच खरं धरणार नाही. दुसऱ्या कुणाला तरी विचारून बघेन. पण वाचेन.

ताई